कोमल निषादाची कैफियत



संगीतावर बोलावयाचे असेल तर गवयाला बोलवावे, निदान गाण्याच्या मास्तरांना तरी बोलवावे, असा शिष्टसंप्रदाय आहे. आपण एका कामगार-संघटनेच्या कार्यकर्त्याला बोलाविले आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, आगगाडीच्या डब्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा मी आपल्याला राग शिकविणार नाही; तो माझा अधिकार नाही. मी फक्त एका स्वराचा खटला आपल्यापुढे मांडणार आहे. कामगार-न्यायालयात एका बाजूने अर्ज दाखल झाला, की दुसऱ्या बाजूने आपले म्हणणे लेखी द्यावयाचे असते. त्याला कैफियत म्हणतात. आज मी कोमल निषादाची कैफियत देणार आहे, कारण त्याच्यावर 'चुकीचा' असल्याचा आरोप गेली कित्येक शतके वेगवेगळ्या देशांत होत आला आहे.

मी या भानगडीत कसा पडलो ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेच्या वर्धापनदिनाला तरुण कामगारांनी गाण्यांचा कार्यक्रम बसविला. गिटार वाजविणारा एक हुशार पोरगा त्यांच्यात होता. पेटीवर बसावयास कोणी नव्हते, म्हणून मी बसलो. त्याने एका कागदावर इंग्रजी अक्षरांची नावे लिहून दिली : सी, एफ, जी, आणि एके ठिकाणी सी सेव्हन. सी म्हणजे आपली पांढरी एक. तिच्यावरची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवावयाच्या स्वरांचा जुडगा, हा पांढरी एक, तीन आणि पाच असा असतो, एवढे मला ठाऊक होते. सेव्हन म्हणजे सातवा. मी सरळ पांढरी सात दाबली. गाणे एकदम परके वाटू लागले. पोरगा थांबला.

"काका, ती नाही. तिच्या अलीकडची काळी."

"का रे? सातवी तर ही आहे."

"ते तसंच असतं, काका."

'ते तसेच असते' हे उत्तर मी आयुष्यात पुष्कळ मॅनेजरांच्या तोंडून ऐकले आहे. प्रत्येक वेळी खोदून पाहिल्यावर असे आढळून आले, की जे 'तसेच असते' ते केव्हातरी कोणीतरी तसे केलेले असते. म्हणून मी खोदावयास लागलो.

दुसरे कारण घरचे आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, मुंबईच्या एका गिरणीत साच्यावर होते. चाळीच्या भजनी मंडळात ते पेटी वाजवीत आणि गातही असत. एकदा मित्रांच्या आग्रहाने ते एका संगीतवर्गात नाव घालावयास गेले. तिथल्या गुरुजींनी त्यांच्याकडून एक अभंग ऐकला आणि म्हणाले, "तुमचा निषाद उतरतो हो. पेटीला लागत नाही." आबा घरी आले. पुढे ते पेटी वाजवीत राहिले, पण गावयाचे त्यांनी सोडले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस पेटीही विकावी लागली. पेटी गेल्याचे मला त्या वेळी वाईट वाटले. गळा त्याच्या कितीतरी आधी गेला होता, हे समजावयास मात्र पन्नाशी यावी लागली.

आता प्रथम त्या पोराने न दिलेले उत्तर देऊ. ज्यांच्या घरी पेटी असेल त्यांनी मनात पट्ट्या मोजाव्या. पांढरी एक हा सा धरला, तर पांढऱ्या पट्ट्यांवर सा रे ग म प ध नी हे सात शुद्ध स्वर मिळतात. मधल्या काळ्या धरून एका सप्तकात बारा पट्ट्या होतात. सा पासून ग चार पट्ट्यांवर, ग पासून प तीन पट्ट्यांवर. ही झाली साधी, समाधानी कॉर्ड. तिच्यावर आणखी एक स्वर ठेवावयाचा. प पासून चार पट्ट्या वर गेलो तर शुद्ध नी मिळतो. तीनच पट्ट्या गेलो तर कोमल नी, म्हणजे काळी पाच. दोन्ही सा पासून 'सातवे'च. मग नुसते सेव्हन म्हटले की कोमल नीच का?

त्याचे उत्तर सा च्या घरात मिळत नाही, ते प च्या घरात मिळते. शुद्ध स्वरांच्या सप्तकात प्रत्येक स्वरावर एक आड एक असे चार स्वर रचून पाहा. सा वर रचाल तर पट्ट्यांची अंतरे चार, तीन, चार येतात. रे वर तीन, चार, तीन. अशा सात रचना होतात, पण चार, तीन, तीन हे माप सातांपैकी फक्त एकाच ठिकाणी येते, ते म्हणजे प वर : प, नी, वरचा रे, वरचा म. या रचनेत नी आणि म यांच्यामध्ये सहा पट्ट्यांचे अंतर आहे, म्हणजे बारांच्या बरोबर निम्मे. हे अंतर कानाला स्वस्थ बसू देत नाही. नी ला एक पट्टी वर सरकून सा वर जावयाचे असते, म ला एक पट्टी खाली सरकून ग वर यावयाचे असते. दोघेही सरकले की सा ची कॉर्ड तयार होते आणि कान घरी येतो. प ची सेव्हन्थ कॉर्ड ही अशी घराकडे नेणारी वाट आहे. युरोपच्या संगीतात या एका हालचालीवर तीन शतकांचा इमला उभा राहिला.

आता सी सेव्हन म्हणजे काय ते पाहा. पांढरी चार हा सा धरा. तिचा प कोणता? पांढरी एक. आणि तिचा म कोणता? काळी पाच! म्हणजे पांढरी एकवर आलेला हा कोमल नी मुळात कोमल झालेला नाहीच. तो पांढरी चारच्या घरातला शुद्ध मध्यम आहे, आणि पाहुणा म्हणून इथे आला आहे. तो आला की कानाला कळते, की आता गाणे पांढरी चारकडे निघाले. माझी पांढरी सात चूक ठरली ती एवढ्यासाठी : तिच्यात ती ओढच नव्हती. ती कॉर्डही आहे, सुंदरही आहे, तिला मेजर सेव्हन्थ म्हणतात. पण ती जिथे आहे तिथेच बसून राहते. ही घराकडे नेणारी कॉर्ड इतक्या वेळा लागते, की 'सेव्हन' हे आखूड नाव तिलाच मिळाले आणि दुसरीला लांब नाव घ्यावे लागले. रोज कामावर येणाऱ्याला आडनावाने कोणी हाक मारीत नाही, तसेच हे.

इथपर्यंत झाले व्याकरण. आता इतिहास.

कोमल हा शब्द आपला. पण युरोपातही या स्वराला नेमके हेच नाव पडले, हे वाचून मी थक्क झालो. अकराव्या शतकात इटलीत अरेत्सो गावी ग्विदो नावाचा एक संन्यासी पोरांना भजने शिकवीत असे. संत योहानाच्या एका स्तोत्राच्या ओळी क्रमाने एकेक स्वर वर सुरू होतात, हे हेरून त्याने त्या ओळींच्या पहिल्या अक्षरांवरून स्वरांना नावे दिली : उत, रे, मी, फा, सोल, ला. सहाच! सातव्याला त्याने नाव दिले नाही. 'सी' हे सातवे नाव पुढे काही शतकांनी जोडले गेले. सातवा असा बिननावाचा राहिला, कारण तोच अडचणीचा होता. फा आणि सातवा यांच्यामध्ये ते सहा पट्ट्यांचे अवघड अंतर पडे. ते टाळावयाचे असेल तेथे गायक सातवा स्वर अर्ध्याने उतरवीत. म्हणून त्या काळच्या स्वरमालेत बी हा एकच स्वर दोन रूपांत येतो. उतरलेला बी गोल काढीत आणि त्याला मोल्ले, म्हणजे मऊ, कोमल म्हणत. न उतरलेला चौकोनी काढीत आणि त्याला कठीण म्हणत. आज जगभर छापले जाणारे कोमल स्वराचे चिन्ह हे त्या गोल बी चेच वंशज होय. जर्मन भाषेत आजही उतरलेल्या स्वराला बी आणि शुद्ध स्वराला एच म्हणतात. फ्रेंचांचा 'बेमोल' आणि पोर्तुगीजांचा 'बेमोल' तोच. आपल्या गोव्यातील चर्चच्या शाळांतून हाच शब्द शिकविला गेला. तिकडे कोमल, इकडे कोमल. कोणी कोणाकडून घेतला नाही. उतरलेला स्वर ऐकून माणसाच्या मनात मऊपणाच आला, एवढेच म्हणता येईल.

या सहा पट्ट्यांच्या अंतराला 'संगीतातील सैतान' म्हणत आणि ते वाजविणाऱ्याला चर्च शिक्षा करी, अशी एक गोष्ट पुष्कळजण सांगतात. नाव खरे आहे, पण ते अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथांत सापडते. शिक्षेला आधार नाही. गोष्ट चटकदार आहे म्हणून ती खरी धरून चालू नये. खरा खटला याहून कमी भयंकर आणि अधिक बोधप्रद आहे.

तो घडला १६०० साली. बोलोन्या शहरात जोव्हान्नी मारिया आर्तुसी नावाचा एक धर्माधिकारी होता, संगीतशास्त्राचा मोठा पंडित. त्याने आधुनिक संगीताच्या दोषांवर एक ग्रंथ छापला आणि त्यात एका संगीतकाराच्या अप्रकाशित गीतांतील जागा काढून दाखविल्या. संगीतकाराचे नाव मात्र दिले नाही. पण तो क्लाउदिओ मोन्तेव्हेर्दी होता, हे जाणकारांना कळले. आरोप असा : सप्तमासारखा विसंवादी स्वर घ्यावयाचा तर तो आधीच्या मेळात ओळखीचा होऊन बसलेला असावा, मग तो धरून ठेवावा, आणि शेवटी एक पायरी खाली उतरून त्याने शांत व्हावे, असा नियम. मोन्तेव्हेर्दीने 'क्रूदा आमारिल्ली' या गीतात खालच्या स्वराविरुद्ध नववा आणि सातवा हे स्वर वर्दी न देता एकदम आणले. पंडिताचे म्हणणे, ही चूक आहे. गाणाराने नियम वाचलेले नाहीत.

मोन्तेव्हेर्दीने १६०५ साली तेच गीत आपल्या पाचव्या संग्रहात सर्वांत पहिले छापले, आणि प्रस्तावनेत उत्तर दिले : मी अजाणतेपणी काही करीत नाही, ही दुसरी रीत आहे. १६०७ साली त्याच्या भावाने ही बाजू सविस्तर मांडली. पहिल्या रीतीत शब्द हे स्वरांच्या आज्ञेत असत, दुसऱ्या रीतीत स्वर शब्दांच्या आज्ञेत राहतात. गीतातला माणूस तळमळत असेल, तर स्वरांनी परवानगी मागत बसू नये. मला या खटल्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, की आर्तुसी मूर्ख नव्हता. त्याचा नियम दीडशे वर्षांच्या उत्तम गायनातून निघाला होता. चूक एवढीच, की कालच्या गाण्यातून काढलेला नियम त्याने उद्याच्या गाण्याला कायमचा लागू केला.

पुढे १७२२ साली फ्रान्समध्ये रामो याने हार्मनीवरचा आपला ग्रंथ लिहिला आणि प वरच्या सेव्हन्थ कॉर्डला मुख्य विसंवादी कॉर्ड म्हणून राजमान्य स्थान दिले. सव्वाशे वर्षांत आरोपी सरकारी नोकर झाला! पण नोकरच. त्याचे काम ठरलेले : यावे, अस्वस्थ करावे, आणि घरी पोहोचवून निघून जावे. सप्तमाने स्वतः घरात मुक्काम करावयाचा नाही.

इथे आपल्याला क्षणभर थांबून मापाचा विचार केला पाहिजे, कारण आबांचा निषाद ज्या मापाने उतरला ठरला ते माप मला पाहावयाचे होते. तार वाजते तेव्हा ती सबंध तर थरथरतेच, शिवाय आपल्या दोन, तीन, चार अशा समान भागांतही थरथरते. तंबोऱ्याची तार चांगली लागली की तीतून गंधार ऐकू येतो तो पाचव्या भागाचा. सातव्या भागातून जो स्वर निघतो तो कोमल निषादाच्या जवळचा असतो, पण पेटीवरच्या कोमल निषादाहून तो उतरलेला असतो. किती? इंग्लंडमधील अलेक्झांडर एलिस याने १८८५ साली पेटीच्या एका पट्टीचे शंभर भाग पाडून स्वर मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. त्या भागाला सेंट म्हणतात. पेटीचा कोमल निषाद सा पासून १००० सेंटवर. तारेचा सातवा अंश ९६९ वर. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश पट्टीचा फरक.

मग पेटीचा स्वर निसर्गाचा नव्हे काय? नव्हे. बारा पट्ट्या समान अंतरावर बसविणे हा माणसांनी केलेला करार आहे. चीनमधील राजपुत्र चू त्साय-यू याने १५८४ साली त्याचे गणित मांडले : प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या १.०५९५ पट. हा करार का करावा लागला? कोणत्याही पट्टीला सा धरून गाता यावे म्हणून. शुद्ध गंधार ३८६ सेंटवर असावयाचा, तो ४०० वर आला. पंचमही दोन सेंट घसरला. मी आयुष्यभर वेतनकरार करीत आलो आहे, म्हणून मला ही तडजोड परकी वाटत नाही. बारांपैकी कोणालाही पुरा न्याय नाही, पण बाराहीजणांचे एका छपराखाली चालते. असा करार करण्यात लाज नाही. लाज आहे ती कराराला निसर्गनियम म्हणण्यात.

आता अमेरिकेला जाऊ, कारण या निषादाने नोकरी सोडली ती तिथे.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पण दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांत, रेल्वेच्या रुळांवर आणि ठेकेदारांना भाड्याने दिलेल्या कैद्यांच्या टोळ्यांत काळ्या माणसांची सक्तीची मजुरी पुढेही चालू राहिली. घण एकदम पडावे, रूळ एकदम सरकावा, यासाठी एकाने ओळ म्हणावयाची आणि टोळीने उचलावयाची. आपल्याकडे हमालांचा आणि नावाड्यांचा हाच शिरस्ता आहे. या लोकांची गाणी १८६७ साली प्रथम ग्रंथरूपाने छापली गेली, तेव्हाच संपादकांनी कबुली दिली, की या गळ्यातले सर्व काही आमच्या पाच रेघांच्या लिपीत उतरविता येत नाही. गंधार आणि निषाद हे दोन स्वर विशेषतः तिच्यातून निसटत. ते ना शुद्ध, ना कोमल. गळा त्यांच्या मध्ये कोठेतरी लागे, आणि तिथेही स्थिर न राहता सरके. त्या स्वरांना पुढे ब्लू नोट असे नाव पडले. काही अभ्यासकांनी त्यांची तुलना तारेच्या त्या सातव्या अंशाशी केली आहे. पण ज्या स्वराचा जीव सरकण्यात आहे त्याला एका आकड्यावर खिळून ठेवणे बरोबर नाही. मींडेचे मर्म ज्याला ठाऊक आहे त्या आपल्या श्रोत्याला हे अधिक सांगावयास नको.

डब्ल्यू. सी. हँडी नावाचा एक शिकलेला काळा बँडमास्तर होता. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतील टटवायलर स्टेशनात उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत असता त्याला एक फाटक्या कपड्यांचा माणूस गिटारच्या तारांवर चाकू घासून गाताना आढळला. हँडीने ही हकीकत १९४१ च्या आत्मचरित्रात लिहून ठेविली आहे. त्या गाण्याला कागदावर आणावयाचे तर त्या सरकत्या स्वरांचे काय करावे? हँडीने जवळचा उपाय केला : तेथे कोमल गंधार आणि कोमल निषाद लिहिले. लिपीत तेवढेच शक्य होते. त्याचे 'मेम्फिस ब्लूज' १९१२ साली छापून निघाले. ते गाजले, आणि हँडीला त्यातून फारसे मिळाले नाही, कारण त्याने हक्क किरकोळ रकमेला विकून टाकले होते. मग १९१४ साली 'सेंट लुइस ब्लूज' त्याने स्वतःच्या प्रकाशनसंस्थेतून काढले.

ब्लूज गाण्याचा साचा बारा मात्राखंडांचा असतो : चार सा च्या कॉर्डवर, दोन म वर, दोन सा वर, मग एक प, एक म, आणि शेवटी दोन सा. पण गंमत अशी, की पुष्कळ वेळा या तिन्ही कॉर्डी सेव्हन्थ असतात. सा ची सुद्धा! म्हणजे जो कोमल निषाद कान घरी पोहोचवून निघून जावयाचा, तो आता घरातच राहावयास आला. गाणे संपते, तेव्हाही तो तिथे असतो. रामोच्या हिशेबाने हे वाक्य अपुरे आहे. ब्लूजच्या हिशेबाने ते पुरे आहे. ज्यांचे गाऱ्हाणे अपुरे राहिले त्यांचे वाक्य असेच पुरे व्हावयाचे.

याची उत्तम साक्ष म्हणजे १९२५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये घेतलेली 'सेंट लुइस ब्लूज'ची तबकडी. गाणारी बेसी स्मिथ, कॉर्नेटवर लुई आर्मस्ट्राँग, आणि साथीला काय असावे? फ्रेड लाँगशॉ याची पायपेटी! पेटीचे सूर सरळ, न हलणारे. त्यांच्यावर बेसीचा गळा गंधारातून सरकतो, निषादाला खाली ओढतो. पेटीला ती लागत नाही असे म्हणावे तर सबंध गाणे चुकले. आणि ते तर शंभर वर्षे टिकले आहे. ती तबकडी प्रथम ऐकली तेव्हा मला चाळीतले भजन आठवले. माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे सांगावयास मला संकोच वाटत नाही.

संघटनेच्या माणसाने आपल्या घरची उणीही सांगावी. अमेरिकेतील वादकांची मोठी युनियन १८९६ साली स्थापन झाली. १९४२ साली तिने तबकड्यांवर वाजविण्याचा संप केला, तो दोन वर्षांहून अधिक चालला, आणि वादकांसाठी निधी मिळविला. कौतुकाची गोष्ट. पण याच युनियनच्या कित्येक शहरांत गोऱ्यांची शाखा वेगळी आणि काळ्यांची वेगळी होती. लॉस एंजलिसच्या दोन शाखा १९५३ साली एक झाल्या. इतर ठिकाणी त्याहून उशीर लागला. काळ्या माणसाचा निषाद साऱ्यांनी उचलला, त्याला शेजारी बसवावयास मात्र अर्धे शतक गेले.

आता आपल्या पेटीकडे येतो. पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबँ याने १८४२ साली हार्मोनिअमचे पेटंट घेतले. मिशनऱ्यांबरोबर ती इकडे आली. कलकत्त्याला हाताने भाता मारावयाची बैठी पेटी तयार झाली. आणि महाराष्ट्रात नाटक, कीर्तन, भजन सर्वत्र तिचे राज्य झाले. गोविंदराव टेंब्यांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. पण तक्रारही तितकीच जुनी. कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांना प्रयोगांत गळ्याचे साह्य केले. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने श्रुतींची निराळी पेटीच बनवून घेतली. ती रूढ झाली नाही. अखेर १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनिअमला बंदी केली, आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. बंदीचे कारण, पेटीवर मींड निघत नाही आणि तिचे बांधील सूर आपल्या गळ्याच्या सुरांशी जुळत नाहीत.

या दोन गोष्टी मी शेजारी ठेवतो. देशाच्या नभोवाणीवर पेटी आरोपी होती, कारण ती गळ्याला लागत नाही. आणि गिरणगावातल्या संगीतवर्गात आबांचा गळा आरोपी होता, कारण तो पेटीला लागत नाही. दोन्ही निकाल एकाच देशातले. मोठ्या गवयापुढे माप बदलते, साचेवाल्यापुढे माप पक्के असते. आबांचा निषाद सुरेल होता असा माझा दावा नाही. तो आज कोणालाही मोजता येणार नाही. माझी तक्रार एवढीच, की गुरुजींनी तो ऐकण्याआधी मोजला.

शेवटचा टप्पा आपल्या मुंबईचा. १९३५ साली लिऑन ॲबी याचा काळ्या वादकांचा जाझ बँड ताजमहाल हॉटेलात आला. मागून टेडी वेदरफर्डसारखे वादक आले. चर्चच्या शाळेत बेमोल शिकलेली गोव्याची मुले त्यांच्यापासून ब्लू नोट शिकली. पुढे मुंबईत दारूबंदी आली, नाचघरांचा धंदा बसला, आणि हे वादक सिनेमाच्या स्टुडिओंत शिरले. 'चिक चॉकलेट' या नावाने गाजलेला आंतोनिओ शाविएर वाझ हा सी. रामचंद्रांच्या जोडीला होता. १९५१ च्या 'अलबेला'त त्याचा रंग दिसतो. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांसारखे लोक संगीतकाराची चाल ऐकून पाच रेघांवर लिहून काढीत आणि तिच्याखाली कॉर्डी घालीत. चाल खमाजातली असो की काफीतली, कोमल निषाद आला की खाली सेव्हन्थ कॉर्ड बसवावयाची की नाही, हे त्यांचा कान ठरवी. खमाजात कोमल निषाद उतरताना धैवतावर येतो, आणि सी सेव्हनमधला तोच निषाद पांढरी चारच्या घरी जाताना धैवतावरच उतरतो. राग आणि हार्मनी ही दोन निराळी शास्त्रे. पण या एका पायरीवर ती समोरासमोर येतात, आणि ती भेट या वादकांनी घडवून आणली. पडद्यावर बहुधा त्यांची नावे येत नसत.

म्हणून माझी कैफियत अशी. हा स्वर ग्विदोच्या काळी बिननावाचा होता, आर्तुसीच्या काळी गुन्हेगार, रामोच्या काळी नोकर, आणि कापसाच्या शेतातल्या माणसांच्या गळ्यात तो घरचा धनी झाला. तारेचा सातवा अंश जिथे होता तिथेच आहे. बदलले ते ऐकणाऱ्यांचे कायदे. कायदे असावेत. एकत्र गावयाचे तर कोणीतरी पट्टी धरून द्यावीच लागते. पण पट्टी कोणी आणि कशासाठी धरली, हे विचारण्याचा हक्क शेवटच्या रांगेतल्या गाणाऱ्यालाही असला पाहिजे.

आज घरी गेल्यावर ज्यांच्याकडे पेटी आहे त्यांनी एवढे करावे. पांढरी एक, तीन, पाच आणि काळी पाच एकदम दाबाव्या आणि भाता चालू ठेवावा. अस्वस्थता कानात नीट भरू द्यावी. मग पांढरी चार, सहा आणि वरची एक. पाहुणा कसा घरी गेला ते कळेल. नंतर पुन्हा पहिली कॉर्ड दाबून हात तिथेच ठेवावा, घरी जाऊ नये, आणि घरातल्या कोणाला तरी तिच्यावर गावयास सांगावे. ज्याचा सूर उतरतो असे आपण आजवर म्हणत आलो, त्यालाच सांगावे.